पोस्टग्रेस बसवलं, पण पासवर्डच टाइप होईना

पाटीपेन्सिल, रवि. रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. आमच्या गावचं वाचनालय 'ड' वर्गातलं, पुस्तकं दोन हजारांच्या आत, सभासद साडेतीनशे. सभासदांची यादी, दाखल नोंदवही आणि देवघेवीचं रजिस्टर, तिन्ही मी आणि भाच्याने सुट्टीत एक्सेलमध्ये चढवलं. आता ग्रंथपाल काका रोज विचारतात, "तीन महिन्यांच्या वर पुस्तक कोणाकडे अडकलंय?" आणि मी तीन फायली शेजारी शेजारी उघडून डोळे फोडत बसते.

कोणीतरी म्हणालं डेटाबेस कर. विंडोजच्या लॅपटॉपवर पोस्टग्रेसक्यूएल उतरवलं. 'एसक्यूएल शेल' नावाची काळी खिडकी उघडते. सर्व्हर, डेटाबेस, पोर्ट, युजरनेम विचारते, कंसात उत्तरही तीच देते (लोकलहोस्ट, पोस्टग्रेस, ५४३२, पुन्हा पोस्टग्रेस), मी एंटर मारत जाते. पासवर्डपाशी आलं की कळफलकच मेल्यासारखा होतो. एक अक्षर उमटत नाही. लॅपटॉप दोनदा बंद-चालू केला.

ता.क. इथे रोमन लिपी चालत नाही म्हणून आज्ञा देवनागरीत लिहितेय. टंकताना इंग्रजीतच टंकल्या आहेत, उगाच हसू नका.

अर्धविराम, रवि. रात्री ९:२०

कळफलक जिवंत आहे. पासवर्ड टंकताना तिथे चांदण्यासुद्धा दिसत नाहीत, मुद्दाम तसं केलंय. आंधळेपणाने टंका आणि एंटर मारा. पासवर्ड विंडोजचा नाही, पोस्टग्रेस बसवताना तुम्ही जो दिला होता तो.

पाटीपेन्सिल, रवि. रात्री ९:३१

अरे देवा. तो मी कुठेतरी लिहून ठेवलाय. आता म्हणते 'पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड फॉर युजर पोस्टग्रेस'.

तळटीप, रवि. रात्री ९:५८

अभिनंदन, निम्म्याहून जास्त रस्ता झालाय. थट्टा करत नाही. जोडणीच्या वेळी येणारी चूक तुम्ही कुठवर पोचलात ते सांगत असते, पण नवी मंडळी लाल अक्षरं दिसली की खिडकी बंद करतात. ओळीने सांगतो.

'कनेक्शन रिफ्यूज्ड': त्या यंत्रापर्यंत पोचलात, पण त्या पोर्टवर (यंत्राच्या त्या क्रमांकाच्या दारावर) कोणी ऐकायलाच बसलेलं नाही. पोस्टग्रेसची सेवा बंद आहे किंवा पोर्ट चुकलाय. विंडोजमध्ये 'सर्व्हिसेस' उघडून सेवा चालू आहे का ते बघायचं. पोस्टग्रेसचा नेहमीचा पोर्ट ५४३२, मायएसक्यूएलचा ३३०६, ओरॅकलचा १५२१, मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरचा १४३३. निम्म्या वेळा माणूस एकाचा पोर्ट दुसऱ्याला देऊन बसलेला असतो.

बराच वेळ काहीच नाही आणि मग 'टाइम्ड आउट': वाटेतच अडलात. बहुतेक फायरवॉल. नकार आणि शांतता यांत फरक आहे, तेवढा लक्षात ठेवा.

'नो पीजी_एचबीए डॉट कॉन्फ एंट्री फॉर होस्ट': सर्व्हरने तुम्हाला ऐकलं, पण पाहुण्यांच्या यादीत तुमच्या यंत्राचा पत्ता नाही.

'पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड': सगळं बरोबर, फक्त किल्ली चुकली. तुम्ही इथे आहात.

'डेटाबेस अमुक डज नॉट एक्झिस्ट': किल्लीसुद्धा चालली, त्या नावाची खोलीच नाही. याच्यात एक गंमत आहे. डेटाबेसचं नाव दिलंच नाही तर पोस्टग्रेस युजरच्याच नावाचा डेटाबेस शोधतो. त्यामुळे 'मी तर असं नाव कुठे दिलंच नव्हतं' म्हणून लोक गोंधळतात.

लिनक्सवर आणखी एक, 'पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड'. तिथे पासवर्ड विचारतच नाहीत, यंत्रावरचं तुमचं लॉगिन आणि डेटाबेसचा युजर एकाच नावाचे लागतात. तुम्ही विंडोजवर आहात, सोडून द्या.

शिऱ्याचा_वास, रवि. रात्री १०:१५

साडेतीनशे सभासदांना पोस्टग्रेस? कुंडीतलं तण काढायला जेसीबी मागवलाय. एसक्यूलाइट घ्या. एक फाइल, सर्व्हर नाही, पोर्ट नाही, पासवर्ड नाही. वरचं अख्खं पुराण वाचायची गरजच नव्हती.

पाटीपेन्सिल, रवि. रात्री १०:२२

दादा, वाचनालयात दोन संगणक आहेत. एक देवघेवीच्या टेबलावर, एक आत ऑफिसात. दोन्हीकडून नोंदी व्हायला हव्यात.

तळटीप, रवि. रात्री १०:२६

मग जेसीबीच. एसक्यूलाइट एका यंत्रावर उत्तम, फोनमधली किती ॲपं त्यावर चालतात. पण तीच फाइल नेटवर्कच्या सामायिक फोल्डरात ठेवून दोघांनी लिहायला घेतली की कुलूप लावण्याची व्यवस्था भरवशाची राहत नाही, फाइल बिघडू शकते. हे एसक्यूलाइटवाले स्वतःच सांगतात.

शिऱ्याचा_वास, रवि. रात्री १०:३०

मान्य. दोन संगणकांचं आधी सांगायचंत की.

पाटीपेन्सिल, सोम. दुपारी १:०५

पासवर्ड सापडला. मी वहीत मोठा 'ए' लिहिला होता आणि लहान टंकत होते. आत गेले!! 'सिलेक्ट व्हर्जन()' लिहून एंटर मारलं. काहीच झालं नाही. परत लिहिलं. आता खालच्या ओळीच्या सुरुवातीला = च्या जागी - दिसतंय. काय बिघडवलं मी?

अर्धविराम, सोम. दुपारी १:०९

या क्षणाची वाट बघत मी हे सदस्यनाम घेऊन बसलोय.

वाक्याच्या शेवटी अर्धविराम द्यायचा राहिला. ; हे चिन्ह. तो येईपर्यंत पोस्टग्रेसला वाटतं तुमचं बोलणं संपायचंय, आणि ते बिचारं ऐकत राहतं. = म्हणजे 'बोला', - म्हणजे 'हं, पुढे?'. तिथे ' असं एकेरी अवतरण दिसलं तर कुठेतरी अवतरण उघडलं आणि मिटवलं नाही. कंस दिसला तर कंस. दोनदा लिहिलेलं फेकून द्यायचं असेल तर उलटी तिरकी रेघ आणि आर: \आर.

त्याच रेघेच्या आणखी चार आज्ञा पाठ करा, यांना अर्धविराम लागत नाही: \एल सगळे डेटाबेस दाखवते, \सी दुसऱ्या डेटाबेसमध्ये नेते, \डीटी टेबलं दाखवते, \डी आणि टेबलाचं नाव दिलं की त्याचे रकाने. बाहेर पडायला \क्यू.

फॉक्सप्रोकाका, सोम. सायं. ६:४०

बाळ, पहिलं पाऊल पडलं, छान. मी नव्वदच्या दशकात डीबेस आणि फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसांवर हिशेब लिहिले. तिथे टेबल उघडायचं, 'गो टॉप' म्हणायचं, मग 'डू व्हाइल .नॉट. ईओएफ()', एकेका नोंदीवर बोट ठेवत 'स्किप', 'स्किप', 'स्किप'. तुझ्या ग्रंथपाल काकांचं बोट रजिस्टरवरून फिरतं ना, अगदी तसंच.

पोस्टग्रेससारख्या रिलेशनल डेटाबेसात बोट नसतं. हे पचायला मला वर्ष लागलं. कोणत्या नोंदी हव्यात एवढं सांगायचं, कशा शोधायच्या ते तो बघतो. ही कल्पना ई. एफ. कॉड यांची, आयबीएमच्या सॅन होजेतल्या प्रयोगशाळेत असताना १९७० साली त्यांनी ती मांडली. त्यावर चेंबरलिन आणि बॉइस यांनी १९७४ मध्ये जी भाषा सुचवली तिचं नाव 'सीक्वेल'. ते नाव दुसऱ्या एका कंपनीच्या मालकीचं निघालं, म्हणून आखडून एसक्यूएल झालं. आमच्यासारखे जुने लोक अजून सीक्वेलच म्हणतात.

आणखी एक. वाक्य 'सिलेक्ट'ने सुरू होतं, पण अर्थ लावताना सुरुवात 'फ्रॉम'पासून कर. आधी कुठून (फ्रॉम), मग त्यातले कोणते (व्हेअर), मग ढीग कसे लावायचे (ग्रुप बाय), मग काय दाखवायचं (सिलेक्ट), शेवटी कोणत्या क्रमाने (ऑर्डर बाय). म्हणूनच सिलेक्टमध्ये एखाद्या रकान्याला तू नवं नाव दिलंस तर व्हेअरला ते ओळखू येत नाही. व्हेअरची पाळी आधीच होऊन गेलेली असते.

पाटीपेन्सिल, सोम. रात्री ९:५०

काका, हे भारी आहे. वाचनखूण साठवली.

आजची प्रगती: काळ्या खिडकीत मराठीचे चौकोन दिसतात म्हणून पीजीॲडमिन या पोस्टग्रेसच्या दुसऱ्या खिडकीत आले, तिथे देवनागरी नीट दिसतं. टेबलांना मराठी नावं दिली आणि चक्क चालली! फक्त 'सभासदांची_वार्षिक_वर्गणी' असं टेबल बनवलं आणि यादीत बघते तर 'सभासदांची_वार्षिक_वर्ग'. 'णी' गेली कुठे?

तळटीप, सोम. रात्री १०:०२

हाहा, ही खास आपली अडचण. पोस्टग्रेसमध्ये कुठलंही नाव जास्तीत जास्त ६३ बाइटांचं. रोमन अक्षर एका बाइटचं, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची पद्धत) ३ बाइटांचं, काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्तसुद्धा. म्हणजे २१ चिन्हांत मामला आटोपतो. तुमचं नाव मोजा: 'सभासदांची' २७, 'वार्षिक' २१, 'वर्गणी' १८, दोन जोडरेघा २. एकूण ६८. कात्री 'वर्ग'नंतर चालली, ६२ वर. त्याने सूचना दिली असणार, 'विल बी ट्रंकेटेड' अशी. ती कोणी वाचत नाही.

'वर्गणी' एवढंच नाव ठेवा. सभासदांशिवाय वर्गणी देतंय कोण?

अर्धविराम, सोम. रात्री १०:०४

'ड' वर्गाच्या वाचनालयात 'वार्षिक_वर्ग'ही खपून गेलं असतं.

पाटीपेन्सिल, मंगळ. दुपारी २:२०

एक्सेलमधून डेटा आत ओतताना तीन ठिकाणी आपटले. एक, सगळं मराठी ?????? झालं. दोन, वर्गणीच्या रकान्यावर 'इनव्हॅलिड इनपुट सिंटॅक्स फॉर टाइप इंटिजर: "१२०"'. १२० हा पूर्णांक नाही तर काय आहे? तीन, काही तारखा 'आउट ऑफ रेंज'.

तळटीप, मंगळ. दुपारी ३:१०

एक. एक्सेलमध्ये जतन करताना साधा सीएसव्ही निवडलात. यादीत 'सीएसव्ही यूटीएफ-८' वेगळा असतो, तो घ्या. जुनी सीएसव्ही फेका, प्रश्नचिन्हांतून अक्षरं परत येत नाहीत.

दोन. तुमच्या-माझ्यासाठी पूर्णांक आहे, पोस्टग्रेससाठी ती तीन मराठी अक्षरं आहेत. त्याला इंग्रजी अंकच आकडे वाटतात. म्हणून माझी पद्धत अशी: आधी 'कच्चा' नावाचं टेबल करायचं, सगळे रकाने टेक्स्ट. त्यात जे असेल ते ओतायचं, काहीही अडत नाही. मग कच्च्यातून पक्क्यात नेताना ट्रान्सलेट() लावायचं: पहिल्या अवतरणात ० ते ९ देवनागरी, दुसऱ्यात तेच दहा इंग्रजी. दहाच्या दहा अंक एका फटक्यात बदलतात.

तीन. 'शो डेटस्टाइल;' करून बघा. एमडीवाय दिसलं तर अमेरिकी चाल आहे, आधी महिना. १३/०४ ला ते अडलं, कारण तेरावा महिना नसतो. पण ०५/०४ ला ते अडलेलं नाही, त्याने ५ एप्रिलचा ४ मे करून गुपचूप आत घेतलाय. अडलेल्या नोंदींपेक्षा न अडलेल्यांची काळजी करा. 'सेट डेटस्टाइल टू आयएसओ, डीएमवाय;' म्हणा, टेबल रिकामं करा, पुन्हा ओता. आयएसओ, डीएमवाय हे दोन्ही मिळून एका अवतरणात.

म्हापशेकार, मंगळ. रात्री ८:४५

इथे गोव्यातून एक भर. आमच्याकडे यादीत डि'सोझा, डि'मेलो, डि'कुन्हा भरपूर. पहिल्या डि'सोझापाशी क्वेरी (डेटाबेसला दिलेलं वाक्य) तुटते, कारण नावातल्या अवतरणाला डेटाबेस मजकुराचा शेवट समजतो. हाताने लिहिताना ते चिन्ह लागोपाठ दोनदा द्यायचं, डि''सोझा. पण पुढे पायथन भाषेतल्या प्रोग्राममधून जोडणार असाल तर नावं वाक्यात चिकटवू नकाच. जागा सोडायची (पायथनला पोस्टग्रेसशी जोडणाऱ्या सायकोपीजीमध्ये %एस) आणि किंमत वेगळी पाठवायची. डि'सोझाला जे चुकून जमतं तेच एखादा मुद्दाम करू शकतो, नावाच्या रकान्यात आज्ञा घुसवू शकतो.

आणि पायथनवाल्यांनो, शेवटी कमिट(), म्हणजे 'बदल पक्के कर'. सायकोपीजी आपणहून व्यवहार उघडते, कमिट केलं नाही की प्रोग्राम संपताना ओळी हवेत विरतात. मी एक आख्खा रविवार यात घालवलाय.

शिऱ्याचा_वास, मंगळ. रात्री ९:३०

कमिटवरून आठवलं. एका पतसंस्थेत होतो तेव्हाची गोष्ट, नाव नको. एका खातेदाराचा पत्ता बदलायचा होता. 'अपडेट खातेदार सेट पत्ता = ...' लिहिलं, फोन वाजला, बोलता बोलता अर्धविराम देऊन एंटर मारलं. व्हेअर लिहायचंच राहिलं. खाली आलं: अपडेट ४१००-काहीतरी. सगळे खातेदार एका घरात राहायला आले. आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून वाचलो, पण त्या दिवशीच्या नोंदी हाताने पुन्हा केल्या, रात्री अकरापर्यंत.

तेव्हापासून आधी त्याच व्हेअरने सिलेक्ट काउंट(*) चालवून आकडा बघतो. मग 'बिगिन;', मग अपडेट. आकडा तोच आला तर 'कमिट;', नाहीतर 'रोलबॅक;'. रोलबॅकने झालेलं न झालेलं होतं, पण बिगिन म्हटलं असेल तरच.

फॉक्सप्रोकाका, मंगळ. रात्री ९:४१

सगळ्यांनी हे एकदा केलेलं असतं. कबूल करणारे थोडे.

पाटीपेन्सिल, बुध. सकाळी ११:३०

डेटा आत! 'सिलेक्ट काउंट(*) फ्रॉम सभासद;' ३५२, रजिस्टरशी जुळला. पण 'काउंट(फोन)' २९० देतं. आणि खरं भूत पुढे आहे. काकांनी बोऱ्हाडे मंडळींची यादी मागितली. 'सिलेक्ट * फ्रॉम सभासद व्हेअर आडनाव = 'बोऱ्हाडे';' ९ ओळी. मला माहितेय ते चौदा आहेत, अख्खी आळीच त्यांची. मग आडनावावर ग्रुप बाय केलं तर हे आलं:

बोऱ्हाडे ९
बोर्‍हाडे ५

एकच आडनाव दोनदा! मागेपुढे मोकळी जागा असेल म्हणून ट्रिम() लावून पाहिलं. फरक नाही.

तळटीप, बुध. सकाळी ११:५२

फोनचं सोपं आहे. काउंट(*) ओळी मोजतो, काउंट(रकाना) त्यातल्या नल नसलेल्या. ६२ जणांचे फोन नाहीत. ते शोधताना '= नल' लिहू नका, कधीच काही मिळणार नाही. नल म्हणजे 'माहीत नाही', आणि माहीत नसलेलं कशाच्याही बरोबरीचं ठरत नाही, दुसऱ्या नलच्यासुद्धा. 'इज नल' लिहायचं.

बोऱ्हाड्यांसाठी हे चालवा: सिलेक्ट आडनाव, लेंग्थ(आडनाव), ऑक्टेट_लेंग्थ(आडनाव), काउंट(*) फ्रॉम सभासद व्हेअर आडनाव लाइक 'बो%डे' ग्रुप बाय १, २, ३;

पाटीपेन्सिल, बुध. दुपारी १२:०१

एकाचे ८ आणि २४. दुसऱ्याचे ९ आणि २७. दिसतात तर सारखेच!

तळटीप, बुध. दुपारी १२:२०

सापडलं. आपला तो डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर अधिक हलन्त. दोन, साधा र, हलन्त आणि मागे एक न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखे, आत वेगळे. ते नववं चिन्ह म्हणजे तो जोडक. एका संगणकावर तुम्ही टंकलंत, दुसऱ्यावर भाच्याने, कळफलक वेगळे, म्हणून ९ आणि ५.

पोस्टग्रेसमध्ये नॉर्मलाइझ() आहे, पण ते या दोघांना एक मानत नाही. रिप्लेस()च लागेल: सीएचआर(२३५२), सीएचआर(२३८१), सीएचआर(८२०५) हे तिन्ही || ने जोडून 'काय', आणि सीएचआर(२३५३) || सीएचआर(२३८१) हे 'कशाने'. फक्त आडनावाला नको, पुस्तकांच्या नावांनाही लावा. सुऱ्या, दऱ्या, कुऱ्हाडी सगळीकडे लपलेल्या असतील.

अर्धविराम, बुध. दुपारी १२:२४

आणि शिऱ्यासुद्धा.

शिऱ्याचा_वास, बुध. दुपारी १२:३१

मी ऱ वाला आहे. आत्ताच मोजून आलो.

पाटीपेन्सिल, गुरु. रात्री ८:१५

बिगिन, अपडेट, ५, कमिट. चौदा बोऱ्हाडे एकत्र आले! पुस्तकांतही ३१ निघाले.

मग तो मुख्य प्रश्न. स्वतः लिहिलंय, काका बघा:

सिलेक्ट स.नाव, प.शीर्षक, करंट_डेट - द.नेल्याची_तारीख ॲज दिवस
फ्रॉम देवघेव द
जॉइन सभासद स ऑन स.क्रमांक = द.सभासद_क्रमांक
जॉइन पुस्तक प ऑन प.दाखल_क्रमांक = द.दाखल_क्रमांक
व्हेअर द.परत_तारीख इज नल अँड द.नेल्याची_तारीख < करंट_डेट - ९०
ऑर्डर बाय दिवस डेस्क;

४३ ओळी आल्या. पण सगळ्यात वरच्या सतरा जणांकडे पुस्तक ७ लाख ३० हजारांहून जास्त दिवस आहे.

फॉक्सप्रोकाका, गुरु. रात्री ८:२२

क्वेरी सुरेख. ऑर्डर बायमध्ये 'दिवस' हे नवं नाव चाललं बघ, त्याची पाळी सिलेक्टनंतर येते. आता त्या सतरांची मूळ तारीख बघ.

पाटीपेन्सिल, गुरु. रात्री ८:३५

००२४-०६-१२. भाच्याला मी बजावलं होतं, वर्ष चार अंकी हवं. त्याने २४ च्या पुढे दोन शून्यं चढवली!! सातवाहनांच्या काळापासून पुस्तकं बाहेर आहेत.

म्हापशेकार, गुरु. रात्री ८:४०

विलंब शुल्क दिवसाला एक रुपया धरलं तरी नवी इमारत होते.

तळटीप, गुरु. रात्री ८:४४

नेल्याची_तारीख + इंटरव्हल '२००० इयर्स', आकडा इंग्रजी अंकांत. व्हेअरमध्ये तारीख १९०० सालाच्या आधीची. परत_तारखेलाही तसंच बघा, भाचा तिथेही गेला असणार.

पाटीपेन्सिल, शुक्र. दुपारी ४:५०

केलं. आधी काउंट, १७. मग बिगिन, अपडेट, १७. माझ्या पडद्यावर यादी एकदम चोख, काकांना दाखवलीसुद्धा. ऑफिसातला संगणकही जोडला, आधी टाइम आउट (फायरवॉल), मग पाहुण्यांच्या यादीची चूक, अगदी तळटीपदादांनी सांगितलेल्या क्रमाने. देवघेवीसाठी वेगळा युजर केला, त्याला डिलीटची परवानगी नाही.

फक्त ऑफिसच्या पडद्यावर अजून ७ लाख ३० हजारच दिसतायत. दोनदा ताजं करून पाहिलं. तिथे जुना डेटा कुठून येतोय?

अर्धविराम, शुक्र. दुपारी ४:५२

बिगिन लिहिलंत, अपडेट लिहिलंत. पुढे?

पाटीपेन्सिल, शुक्र. दुपारी ४:५३

थांबा.